उशिरा येणारी, हळू चालवणारी

चंदनाला कामावर ठेवलं त्याच आठवड्यात भाग्यलक्ष्मी मान्यांना तिच्याबद्दल दोन गोष्टी कळल्या. ती गाडी इतकी हळुवार चालवायची की मागच्या सीटवरच्या केकला आपण घरातून निघालोय याचा पत्ता लागत नसे. आणि ती वेळेवर येत नसे.

भाग्यलक्ष्मी राहायच्या जे. पी. नगरात. घराच्या वरच्या मजल्यावर मोठं स्वयंपाकघर होतं, तिथं त्या पहाटेपासून केक भाजायच्या आणि सकाळी ते गाडीतून इंदिरानगरच्या आपल्या दुकानात न्यायच्या. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, दोन टेबलं आणि ते सांभाळणारी भव्या नावाची मुलगी. साठी उलटलेल्या भाग्यलक्ष्मींना सगळे भाग्याक्का म्हणायचे. माने मंडळी बंगळुरात पिढ्यानपिढ्या मुरलेली. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड, आणि एक कुठं संपते न् दुसरी कुठं सुरू होते हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

गाडी त्यांना चालवता येत होती. पण काही वर्षांपूर्वी डेअरी सर्कलजवळ ओल्या रस्त्यावर ती घसरली आणि पुढच्या टेम्पोला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. फक्त एका लग्नाचा तीनमजली केक पुढच्या सीटच्या पाठीवर आपटला. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की भाग्याक्कांची बोटं थरथरायची. त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि ड्रायव्हर ठेवले. पहिला फोनवर बोलत चालवायचा. दुसरा हम्प, म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक, दिसला की जोर धरायचा. "अम्मा, हळू नेलं तर जास्त हलतं," असं त्याचं म्हणणं होतं. गाडी दुकानापाशी आली की भव्या सपाट सुरी घेऊन दारातच उभी असायची, विस्कटलेलं क्रीम सारखं करायला.

मग चंदना आली. तीही मराठा घरातलीच, तिशीच्या आतली. नवरा बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात शिफ्टला, मुलगी दिवी पहिलीत. पहिल्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी तिनं मागचं दार उघडलं, खोक्यांच्या खाली हात घालून चाचपलं आणि म्हणाली, "अक्का, ह्याच्याखाली ओला टॉवेल घाला की. सरकणार नाही."

टॉवेल घातला. चंदनानं गाडी काढली. हम्प आला की ती त्याला जणू विचारून मग चाकं वर चढवायची, आणि पलीकडे उतरवायची ती झोपलेलं पोर खांद्यावरून अंथरुणावर ठेवावं तशी. इंदिरानगरात भव्यानं खोकी उघडून पाहिली आणि सुरी परत आत नेऊन ठेवली.

त्यामुळे उशिराचं दुखणं काढायचं कसं, हे भाग्याक्कांना कळेना.

चंदनाचं घर हेब्बगोडीला, इलेक्ट्रॉनिक सिटीच्याही पलीकडे. तिथून एक बस सिल्क बोर्डच्या चौकापर्यंत, मग दुसरी जे. पी. नगरापर्यंत. बस कधी इतकी भरून यायची की थांबतच नसे. थांबली आणि चढायला मिळालं, तरी होसूर रोडवर सगळं शहर एकाच दिशेला निघालेलं असे. त्या वर्षी वरच्या रुळांवरून नव्या मेट्रोची रिकामी गाडी चाचणीसाठी सरकत जायची. चंदना बसच्या खिडकीतून मान वर करून तिच्याकडे बघायची.

"आज काय झालं?" भाग्याक्का फाटकातच विचारायच्या.

"बस होती अक्का, रस्ता नव्हता."

"काल रस्ता होता, बस नव्हती."

"हां, काल तसं होतं." चंदना खोटं बोलत नसे, आणि हसतही नसे. ओढणी कमरेला खोचायची आणि खोकी उचलायला लागायची. पुढं रागवायचं तर खोकी तिच्या हातात असायची.

भाग्याक्कांनी मुलाला विचारलं. गिरीराज एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि त्याच्या हाताखाली बरीच माणसं होती.

"आमच्याकडे उशीर झाला की सिस्टम आपोआप मेल पाठवते, अम्मा."

"मग लोक वेळेवर येतात?"

"नाही. पण मेल जाते."

त्यानं एक मात्र केलं. चंदनाच्या फोनवरून तिचं लोकेशन अम्माला दिसेल अशी सोय करून दिली. आता निळा ठिपका कुठवर आला ते स्वयंपाकघरात बसून पाहता येणार होतं. पहिल्या दिवशी भाग्याक्कांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ठिपका बोम्मनहळ्ळीला थांबला तो हलेचना. भाग्याक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. बस बंद पडली असेल का, हिला चक्कर तर आली नसेल, सकाळी काही खाऊन निघते की नाही कोण जाणे. ठिपका हलला तेव्हा ओव्हनमधून वास येत होता आणि बदामाची अख्खी बॅच काळी पडली होती. चंदना आली तेव्हा तिला उशिराबद्दल कुणी काही बोललंच नाही. भाग्याक्कांनी तिच्यापुढं उप्पिट्टाची ताटली सरकवली. "आधी खा. मग निघू."

"उशीर झालाय अक्का."

"झालाय तर झालाय. खा."

मग एकदा त्यांनी तिला सांगितलं, तासभर आधीची बस धर. चंदना "सरी अक्का" म्हणाली आणि खरंच धरू लागली. आठवडाभर ती फाटक उघडायच्या आत हजर होती. पण एका सकाळी कोरमंगलाच्या सिग्नलला भाग्याक्कांना आरशात दिसलं की चंदना डोळे मिटून उघडतेय, पुन्हा मिटतेय.

"किती वाजता उठतेस गं?"

चंदनानं सांगितलं.

"आणि दिवी?"

"तिलाबी उठवते. शेजारी सोडून येते. तिथं बसून झोपते ती, गणवेश घालून."

इंदिरानगरात उतरताना भाग्याक्का म्हणाल्या, "उद्यापासून तुझी जुनीच बस धर." चंदनानं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उशीर सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर दोघींनाही हायसं वाटलं.

अशी कुरकुर, उप्पिट्ट, ठिपका करत वर्ष निघालं असतं. पण मार्चमध्ये एका शनिवारी शमिका देशमुखांची ऑर्डर आली. शमिका मुंबईहून नोकरीसाठी इंदिरानगरात आलेली, आणि तिच्या सासूबाईंची पंचाहत्तरी होती. दोनमजली केक, वर साखरेची मोगऱ्याची फुलं. भाग्याक्कांनी ती फुलं दोन दिवस बसून केली होती. बाराला केक हवा, पाहुण्यांना पुढं विमान पकडायचंय, असं शमिकानं तीनदा सांगितलं होतं.

त्या सकाळी ठिपका झरझर आला. इलेक्ट्रॉनिक सिटी मागं पडली, बोम्मनहळ्ळीही. भाग्याक्कांना वाटलं, आज हिला देव पावला. त्यांनी समोरच्या इस्त्रीवाल्याच्या मदतीनं केक खाली आणून गाडीत ठेवला, एसी लावला, आणि पाहतात तर ठिपका सिल्क बोर्डपाशी गोठलेला.

फोन वाजला. "अक्का, पुढं लॉरी आडवी झालीय. कुणीच हलत नाही. मी उतरले. चालत येते."

"चालत? सिल्क बोर्डवरून?"

"मग काय करू? बीटीएमपर्यंत आले की ऑटो मिळेल."

ऑटो मिळणार नव्हता हे दोघींना माहीत होतं. भाग्याक्कांनी ॲपवर टॅक्सी बोलावली. आलेल्या माणसानं खिडकीतून केक पाहिला, "हे माझ्या गाडीत नको," म्हणाला आणि निघून गेला. गिरीराज फोन उचलेना. एसी चालू ठेवून गाडी फाटकात उभी होती आणि वरच्या मोगऱ्याच्या फुलांना हळूहळू घाम येऊ लागला होता.

भाग्याक्का पुढचं दार उघडून आत बसल्या. मनाशी म्हणाल्या, इंदिरानगरला नाहीच जायचं. आतल्या रस्त्यांनी बीटीएमपर्यंत जायचं, चंदनाला घ्यायचं, बस. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. बोटं थरथरली. थरथरू देत म्हणून त्यांनी हँडब्रेक सोडला.

गल्लीच्या तोंडाशीच पहिला हम्प होता. तिथं त्या जवळजवळ थांबल्या. मागून स्कूटरवाला वैतागून हॉर्न वाजवत होता. चंदना इथं काय करते ते त्यांनी आठवलं. ती आधी थांबते, मग क्लच अर्धा सोडून पुढचं चाक चढू देते, मग श्वास घेते, आणि मगच मागचं. भाग्याक्कांनीही श्वास घेतला. आरशात केक उभाच होता.

पुढच्या हम्पला त्यांना बोटांची आठवण झाली नाही.

चंदना त्यांना बीटीएमच्या उडुपी गार्डन सिग्नलच्या अलीकडे दिसली. एक चप्पल पायात, तुटलेली दुसरी हातात, फूटपाथच्या फुटक्या फरशांवरून लगालगा येत होती. पांढरी गाडी शेजारी थांबली तेव्हा ती पुढंच निघाली. मग वळून तिनं पाहिलं, आणि चालवणारं कोण आहे हे कळल्यावर पाहतच राहिली.

"बस लवकर," भाग्याक्का म्हणाल्या.

चंदनानं आधी मागचं दार उघडलं. केक खालपासून वरपर्यंत पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "हम्पवरून कसा आणलात?"

"तू आणतेस तसा. रोज मागं बसून दुसरं काय करते मी?"

चंदना चालकाच्या बाजूला येऊन उभी राहिली, जागा बदलायला. पण मागं बस होती, बसच्या मागं आणखी बस, आणि दोन्ही भोंगे वाजवत होत्या. भाग्याक्कांना उतरून पलीकडं जाण्याइतका वेळ कुणी देत नव्हतं.

"तिकडून बस गं," त्या म्हणाल्या. "पुढं कुठं जागा मिळाली की बदलू."

पुढं कुठं जागा मिळाली नाही. चंदना शेजारच्या सीटवर बसून मागं वळून एक हात केकच्या खोक्याला लावून होती आणि बोलत होती. "अक्का, डावीकडं राहा. त्या ऑटोला जाऊ द्या, तो तसाबी जाणारच. आता स्वल्प थांबा. हां. आता चला." डोमलूरच्या फ्लायओव्हरवर भाग्याक्कांची मान ताठ झाली. चंदनाचा आवाज मात्र तसाच राहिला, दिवीला गृहपाठ सांगावा तसा. "उतार आहे. पाय ब्रेकवर नुसता ठेवा, दाबू नका. काय होत नाही."

काही झालं नाही. बारा केव्हाच वाजून गेले होते. शमिका बिल्डिंगच्या खाली उभी होती.

"काकू, मी तुम्हाला कन्फर्म केलं होतं ना? तीनदा. पाहुणे चपला घालून बसलेत वर."

"तुमचं बरोबर आहे," भाग्याक्का म्हणाल्या. "उशीर झाला. माझ्याकडून झाला."

रस्ता, लॉरी, सिल्क बोर्ड, काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. चंदना बाजूला एका पायानं अनवाणी उभी होती. शमिकानं एकदा तिच्या हातातल्या तुटक्या चपलेकडे पाहिलं, मग केककडे. "फुलं मस्त झालीत," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, आणि लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं.

दुकानात आल्यावर भाग्याक्का खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. भव्यानं दोघींना कॉफी दिली. कॉफी संपली तेव्हा भाग्याक्का म्हणाल्या, "सोमवारपासून तू जे. पी. नगरात येऊ नकोस. सिल्क बोर्डला उतर. मी तिथं येते. तसंही वाटेवरच आहे."

"तिथं येऊन मग मी चालवू?"

"मग तू चालव."

पण सिल्क बोर्डला कुणाला थांबू देतात? चंदना पळत येऊन दार उघडून आत शिरेपर्यंतच पोलीस शिट्टी मारायचा. जागा बदलायची राहून जायची. पहिले काही दिवस दोघी त्यावर हसायच्या, मग त्याबद्दल बोलणंच थांबलं. भाग्याक्का चालवायच्या, चंदना शेजारी बसून खोकी सांभाळायची आणि दिवीच्या गोष्टी सांगायची. हळूहळू "डावीकडं राहा" म्हणायची गरज पडेनाशी झाली. मे महिन्यात भाग्याक्कांनी दुकानाच्या अरुंद गल्लीत गाडी उलटी घातली, एकदाही पुढं न घेता. भव्यानं आतून टाळ्या वाजवल्या. चंदनानंही वाजवल्या, पण एकदाच, आणि मग हात मांडीवर ठेवून बसली.

त्यानंतर ती वेळेवर यायला लागली. वेळेवर म्हणजे आधीच. भाग्याक्का सिल्क बोर्डला पोचायच्या तेव्हा ती उभीच असायची. जूनमध्ये एके दिवशी तर त्या फाटक उघडायला खाली आल्या आणि चंदना पायरीवर बसलेली.

"इथं कशाला आलीस? आणि इतक्या लवकर?"

"बस मिळाली."

"चंदना."

चंदनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुम्हाला आता ड्रायव्हर लागत नाही, अक्का."

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला पाहिजे? शेजारी बसून मीच बघते की. निदान वेळेवर तरी यावं म्हटलं. उशिराचं कारण देऊन तुम्ही काढलं तर…"

भाग्याक्का तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. गुडघे दुखत होते, तरी बसल्या. हीच गोष्ट महिनाभर त्यांच्याही मनात होती, आणि ती मनात आहे याचीच त्यांना लाज वाटत होती. "एवढे महिने उशिरा आलीस तेव्हा काढलं नाही. आता लवकर येतेस म्हणून काढू?"

चंदना जरा हसली. मग म्हणाली, "दिवीच्या शाळेत व्हॅनला बाई ड्रायव्हर पाहिजे म्हणतात. मला विचारलं त्यांनी. मी काय बोलले नाही अजून."

"का?"

"तुम्हाला काय वाटेल."

"शाळा घरापासून किती लांब?"

"चालत जाते दिवी."

भाग्याक्कांना आत कुठंतरी दुखलं. पण चालत जाण्याएवढ्या अंतरावरची नोकरी या शहरात कुणाला मिळते? "मग माझ्या वाटण्याचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "हो म्हण."

दोन दिवसांनी मल्लाप्पा नावाच्या गृहस्थांचा फोन आला. शाळेच्या गाड्या तेच बघायचे. कन्नडमध्ये, अगदी अदबीनं, त्यांनी चौकशी केली. गाडी कशी चालवते, स्वभाव कसा, फोनवर बोलते का. भाग्याक्का उत्तरं देत गेल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि अम्मा, वेळेचं कसं? मुलांची गाडी आहे. वेळेवर येते ना?"

भाग्याक्कांच्या हातात चाळणी होती. ती त्यांनी खाली ठेवली. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगितलं तर ते खोट्याहून वाईट झालं असतं.

"मल्लाप्पा, ती माझ्याकडे रोज उशिरा यायची," त्या म्हणाल्या. "हेब्बगोडीहून दोन बस बदलून. तुम्ही त्या रस्त्यानं कधी आलात?"

"रोज नाही. पण आलोय."

"मग तुम्हाला सांगायला नको. तुमची शाळा तिच्या घरापासून चालत आहे. बस तिला उशीर करू शकणार नाही. आणि एकदा ती गाडीत बसली की काय होतं ते मी बघितलंय. मी तिच्या हाती लग्नाचे केक दिलेत. माझी नातवंडं असती तर तीही दिली असती."

मग मल्लाप्पा म्हणाले, "सरी अम्मा. एवढं पुरे."

शेवटच्या दिवशी चंदनाच चालवेल असं भाग्याक्कांनी ठरवलं आणि सिल्क बोर्डच्या पुढं एका गल्लीत मुद्दाम गाडी थांबवून जागा दिली. त्या मागं बसल्या, केकच्या शेजारी. दुकानात भव्यानं नारळाची बर्फी आणली होती. निघताना चंदना पाया पडायला वाकली. भाग्याक्कांनी तिला अर्ध्यातच धरलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "सकाळी खाऊन निघत जा. आता तर वेळ आहे."

भाग्याक्का आता एकट्याच येतात. दुकान कधी दहाला उघडतं, कधी साडेदहाला. दुकानाच्या किल्ल्या पहिल्यापासून भव्याकडेच असतात, म्हणजे तिला बाहेर ताटकळायला नको. तीही लांबून, कृष्णराजपूरहून येते. तिला उशीर झाला तर दुकान आणखी उशिरा उघडतं, आणि नेहमीचं गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा घेत थांबतं.

रविवारी दुपारी चंदनाचा फोन येतो. परवा ती सांगत होती, व्हॅनमधला एक मुलगा रोज रडत चढतो आणि हेब्बगोडीच्या तळ्यापर्यंत रडतो, म्हणून त्याला ती आपल्या मागच्या सीटवर बसवते.

"मग थांबतो रडायचा?"

"थांबत नाही अक्का. पण हळू रडतो."

भाग्याक्का हसल्या. त्याला केकची कुठली चव आवडते ते विचारून ठेव, म्हणाल्या, आणि चंदना दिवीला हाक मारून विचारू लागली, कारण तो दिवीच्याच वर्गात होता आणि तिला ते माहीत होतं.